तीस ग्रॅमला वाकेल असा रॉड

आमच्या कारखान्याला सुट्टी शनिवारची. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत बहुतेकांना तीच असते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, मग रविवारी? रविवारी आम्ही कामावर असतो. मी स्प्रिंगा तपासते. ठरलेला भार टाकायचा, स्प्रिंग ठरलेली तेवढीच दबते का ते बघायचं, भार काढायचा आणि ती मूळ लांबीला परत येते का ते बघायचं. आली तर पास, नाही आली तर लाल खुणेच्या पेटीत. निम्मं आयुष्य यात गेलं आणि मला अजून कंटाळा आलेला नाही.

माझा नवरा हायस्कुलात शिक्षक होता. त्याची सुट्टी रविवारची. शनिवारी सकाळची शाळा करून तो दुपारी घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. म्हणजे माझा शनिवार त्याच्या झोपेत जायचा आणि त्याचा रविवार माझ्या कामात. लग्नापासून हे असंच चाललं. त्यावरून आमचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायलाही दोघांना एकाच दिवशी वेळ लागतो. रविवारी घरात एकट्याने काय करायचं म्हणून तो दोन मित्रांबरोबर धरणावर मासे धरायला जायला लागला. संध्याकाळी मी कामावरून आले की मोरीतल्या बादलीत मासा असायचा किंवा नसायचा. असला तर मी साफ करायची. धरणावर मी कधी गेले नाही. त्याने कधी चल म्हटलं नाही आणि मी कधी येते म्हटलं नाही.

आम्हाला मूल नाही. नवरा शाळेतच गेला, मधल्या सुट्टीत, हातात चहाचा कप असताना. हृदयविकार. याविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

त्यानंतर मला सगळ्यात जड गेला तो शनिवार. खरं तर शनिवारी मी पूर्वीही एकटीच असायची, पण घरात कोणी झोपलेलं असणं आणि कोणीच नसणं यात फरक आहे. झोपलेल्या माणसासाठी मिक्सर लावायचा थांबावं लागतं. आता कशासाठीच थांबावं लागत नव्हतं. सकाळी अकराच्या आत भाजी, झाडू, फरशी, बँक, सगळं उरकायचं. एका माणसाच्या कपड्यांनी वॉशिंग मशीन भरत नाही, म्हणून मी दोन आठवड्यांचे कपडे साठवून एकदम लावते. म्हणजे एक शनिवार आड तेही काम नाही. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत शनिवारी दुपारी पार्किंग रिकामं असतं. म्हातारी माणसं झोपलेली असतात, बाकीचे आपापल्या कामावर.

वर्षश्राद्धाला त्याचे ते दोघे मित्र आले. एक त्याच्याच शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर. त्यांना सगळेच सर म्हणतात, मीही म्हणते. दुसऱ्यांना मी भावजी म्हणते. त्यांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे, रविवारी बंद असतं. जेवणं झाल्यावर दोघे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी बडीशेप घेऊन गेले.

"अजून जाता का धरणावर?" मी विचारलं.

"जातो की," भावजी म्हणाले. "पूर्वी तो असताना कधीमधी होडी करायचो. आता काठावर बसतच नाही, दरवेळी होडी. जिगिंग."

"म्हणजे?"

त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. माशाच्या आकाराचा धातूचा चपटा तुकडा, त्याला गळ लावलेला. त्याला जिग म्हणतात. आमिष नाही, पिठाचा गोळा नाही. होडी खोल पाण्यावर न्यायची, जिग सरळ तळापर्यंत सोडायचा, मग रॉडने झटका देऊन वर उचलायचा आणि परत पडू द्यायचा. पडताना तो जखमी माशासारखा लटपटतो. मोठा मासा फसतो.

"हात भरून येतात, वहिनी," भावजी म्हणाले. "पण झोप नाही लागत. काठावर बसलो की हे सर घोरायचे आणि मासे पळायचे."

"मी घोरत नव्हतो. तो घोरायचा," सर म्हणाले, म्हणजे माझा नवरा.

"होडीत तिघांची जागा असते ना?" मी विचारलं.

"असते."

"तिसऱ्या जागेवर कोण बसतं?"

"डबा ठेवतो तिथे," भावजी म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांना ते कसंतरीच वाटलं.

"मग मी येऊ का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर म्हणाले, "या की. एकदा या. तो कुठे बसायचा ते दाखवतो तुम्हाला. हवा छान असते सकाळची."

"आणि वहिनी, तुमच्या हातची ती मेथीची थालीपिठं आणा," भावजी म्हणाले. "तो आणायचा. निम्मी मीच खायचो."

"डब्याच्या जागेवर डबा घेऊन बसायला मी येणार नाही," मी म्हटलं. "रॉड घेऊन येईन."

भावजी हसले. "त्याचे रॉड नाही चालायचे हां. ते काठावरचे, बारा फुटी; होडीत तो नुसती हाताने दोरी सोडायचा. होडीत काढलात तर एक टोक पाण्यात आणि दुसरं सरांच्या कानात. जिगिंगचा रॉड वेगळा असतो."

"मग वेगळा घेईन."

मला मासे नको होते. मला त्या होडीतली तिसरी जागा हवी होती, आणि पाहुणी म्हणून नको होती. पाहुणीला एकदाच बोलावतात. वर्षभरात मी लोकांची दोन प्रकारची वागणूक पाहिली होती. एक, माझ्यासमोर आवाज खाली आणायचा. दुसरी, मला बोलवायचंच नाही, म्हणजे आवाज खाली आणावा लागत नाही. हे दोघं तिसऱ्या प्रकारची माणसं असतील असं मला वाटलं. तिथे बसायला रॉड लागतो, तर रॉड आणायचा. सोपं होतं.

इतकं सोपं नव्हतं. इंटरनेटवर जिगिंगचे व्हिडिओ पाहिले ते सगळे समुद्रावरचे. मोठ्या बोटी, गॉगल लावलेले पुरुष, दीडशे-दोनशे ग्रॅमचे जिग. मी भावजींना फोन करून विचारलं, आपल्याकडे केवढे वापरता? ते म्हणाले, वीस-तीस ग्रॅम. मी ठरवलं की तीस ग्रॅमचा धरून चालू. आणि इथे मी माझ्या धंद्यातली चूक केली. कारखान्यात सवय असते की भार जेवढा, त्याच्या दुपटीने पेलेल अशी वस्तू घ्यावी. म्हणजे कधी मोडायची भीती नाही. मी दुपटीवरही न थांबता, साठच्या पुढून सुरू होणारा, दोनशेपर्यंत पेलणारा रॉड ऑनलाइन मागवला. स्वस्त होता आणि वर 'जिगिंग' असं लिहिलेलं होतं.

नवऱ्याचं रीळ चांगलं होतं. ते मी उघडलं, जुनं ग्रीस पुसून काढलं, नवीन लावलं, दोरी बदलली. वापरता येणारी वस्तू फेकायची कशाला. रीळ रॉडला बसवलं आणि शनिवारी दुपारी गॅलरीत उभी राहिले. आम्ही चौथ्या मजल्यावर. खाली सरळ पार्किंग. खोल पाणी नसलं तरी खोली होती. रॉडबरोबर मागवलेल्या तीस ग्रॅमच्या जिगचा गळ काढून तो मी कठड्यावरून खाली सोडला आणि झटका दिला.

रॉडला पत्ताच नव्हता. टोक जरासुद्धा वाकलं नाही. जिग उडायचा तो माझ्या मनगटाच्या जोरावर, रॉड नुसता काठीसारखा मध्ये. जिगिंगच्या रॉडचं काम स्प्रिंगचं असतं हे मला तेव्हा कळलं. जिगच्या वजनाने तो वाकला पाहिजे आणि सरळ होताना त्याने जिग उचलला पाहिजे. ताकद रॉडने लावायची, माणसाने फक्त सुरुवात करून द्यायची. दुपटीने पेलणारा रॉड मोडत नाही हे खरं, पण तो कामही करत नाही.

दहा-पंधरा झटक्यांत खांदा भरून आला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आवाज आला.

"अहो, वरून काय लोंबतंय? माझ्या कुरडयांत जाईल ते!"

खालच्या काकूंनी गॅलरीत वाळवण घातलं होतं. मी वाकून पाहिलं. "मासे धरतेय, काकू."

काकू बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागला तर कळवा," आणि कुरडयांची ताटं आत सरकवली.

रॉड परत पाठवला. यावेळी हातात धरून घ्यायचा असं ठरवून पुढच्या शनिवारी भद्रकालीच्या बाजूला गेले. तिथे जाळी, दोर आणि गळ विकणारं एक जुनं दुकान आहे. मालक गल्ल्यावर बसून केळं खात होते.

"बोला ताई. मुलासाठी का?"

"नाही."

"मग साहेबांसाठी?"

"साहेब नाहीत. माझ्यासाठी."

त्यांनी केळ्याचं साल खाली ठेवलं. "मग असं करा, हा घ्या. फोल्डिंगचा. एकात एक जातो. पर्समध्ये बसेल."

"पर्समध्ये मला बसवायचा नाही. होडीतून जिगिंग करायचंय, धरणात, तीस ग्रॅमपर्यंत. दोन हजारांच्या आत दाखवा. विकलेला माल परत घेता?"

"नाही."

"मग वेळ लागेल मला."

मी पिशवीतून माझी वजनं काढली. दहा, वीस आणि तीस ग्रॅमची, दोऱ्याचे फास बांधलेली. मालकांच्या चेहऱ्यावर सोनाराच्या दुकानात कोणी स्वतःचा काटा घेऊन आल्यासारखे भाव आले.

तो फोल्डिंगचा रॉड आधी पाहिला. तीस ग्रॅम लावल्यावर तो वाकला, पण सलग नाही वाकला. प्रत्येक जोडापाशी कोपरा यायचा. जिथे कोपरा तिथे एक दिवस तडा. तो बाजूला ठेवला. दुसरा दिसायला देखणा होता, काळा आणि लाल. वजन लावून झटका दिला तर टोक पाच-सहा वेळा थरथरत राहिलं. स्प्रिंग सरळ होऊन लगेच थांबली पाहिजे. थरथरत राहिली की पुढच्या झटक्याची वेळ चुकते आणि खाली मासा चावला तरी हाताला कळत नाही. तोही बाजूला.

तिसरा साधा होता. करड्या रंगाचा, दोन तुकड्यांचा, साडेसहा फुटांचा. हलका. तीस ग्रॅमला टोकाकडचा तिसरा हिस्सा छान वाकला आणि वजन काढताच सरळ होऊन गप्प बसला. मूठ माझ्या हाताला जाड नव्हती. मुठीच्या मागचा दांडा काखेत घालून पाहिला, बसला. मग एक डोळा मिटून बुडख्याकडून टोकाकडे पाहिलं. दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांपैकी वरून दुसरी किंचित तिरकी होती.

"दुसरा पीस दाखवा यातला."

"याला काय झालं?"

"दुसरी कडी ओळीत नाही."

मालकांनी डोळा लावून पाहिलं. त्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं आणि कबूल करायचं नव्हतं. ते स्टुलावर चढून वरच्या फळीवरून दुसरा घेऊन आले. त्याच्या कड्या ओळीत होत्या. मी पर्समधला कापूस काढून प्रत्येक कडीतून आरपार फिरवला. आत बारीक कपचा उडाला असेल तर कापसाचा धागा अडकतो. अशा कडीवर दोरी घासून तुटते, आणि ती मासा लागलेला असतानाच तुटते.

"एवढं तर मुलगी बघायला आलेलेपण बघत नाहीत," मालक म्हणाले.

"ते चहापोहे खायला येतात," मी म्हटलं. "हा द्या."

पैसे घेताना त्यांनी विचारलं, "ताई, खरंच तुम्ही धरणार आहात मासे?"

"धरणार आहे की नाही ते माशावर आहे. रॉडवर ढकलता येणार नाही एवढं मी बघितलं."

पुढचे सगळे शनिवार मी गॅलरीतून सराव केला. उचलायचं, पडू द्यायचं. पडताना दोरी ढिली सोडायची पण एवढी नाही की खालचं काही कळणार नाही. जिग पार्किंगमधल्या फरशीला टेकला की हाताला एक बारीक ठक् लागायचं. ते ठक् ओळखायला मी शिकले. काकूंनी वाळवणाची ताटं कायमची डावीकडे हलवली.

मग रविवारची रजा मागितली. आमच्या मॅनेजरने विचारलं, "लग्न आहे का कोणाचं?"

"नाही. मासे धरायला जायचंय."

त्याने रजेचा फॉर्म पुढे ओढला. "मी 'घरगुती कारण' टाकतो, मॅडम," म्हणाला. टाक बाबा म्हटलं.

पहाटे भावजींची व्हॅन खाली आली. घोटीच्या बाजूचं धरण, महामार्गाने तासाभराच्या आत पोचलो. मी थालीपिठं केली होती, पण सगळ्यांपुरती, आणि पिशवीच्या तळाशी ठेवली होती. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर माझ्यासाठी चादर अंथरलेली होती. ती पाहूनच मला अंदाज यायला हवा होता.

होडीवाले दादा तिथल्याच गावचे. त्यांच्या होडीत पुढे एक आडवी फळी, मध्ये एक, मागे एक. पुढच्या फळीवर माझ्यासाठी उशी आणलेली होती. भावजींच्या घरच्या सोफ्याची, मखमली, गोंडे लावलेली.

"इथेच बसायचा तो," सर हळू आवाजात म्हणाले.

"उशीवर?"

"नाही, उशी तुमच्यासाठी."

मी उशी काढून पिशवीवर ठेवली आणि फळीवर बसले. दादांनी होडी आत नेली. धुकं होतं. पाण्याखाली जुन्या गावाची झाडं आहेत, त्यांचे बुंधे अजून उभे आहेत, तिथेच मासा असतो असं दादांनी सांगितलं. आम्ही जिग सोडले.

पहिले दीड-दोन तास कोणी काही बोललं नाही. म्हणजे माझ्याशी खूप बोलले. ऊन लागतंय का, वहिनी? पाणी देऊ का? दमलात का? थांबा जरा. पण एकमेकांशी बोलले नाहीत. भावजी एरवी तोंड मिटत नाहीत. ते गुडघे जुळवून बसले होते. सर दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायचे आणि मी बघितलं की पाण्याकडे. मी रॉडचा सगळा विचार केला होता, याचा केला नव्हता. या होडीत पूर्वी काय चालायचं ते मला माहीत नाही, पण जे चालायचं ते मी आल्यामुळे बंद पडलं होतं एवढं स्पष्ट होतं. तिसरी जागा मला मिळाली होती, पण मी तिथे बसल्याबरोबर ती आमच्या दिवाणखान्यातली खुर्ची झाली होती. लोक भेटायला येतात तेव्हा मी बसते ती.

मधेच भावजींचा जिग खालच्या बुंध्यात अडकला. त्यांनी दोन-तीन हिसके दिले, दोरी तुटली, आणि त्यांच्या तोंडून एक चांगली मजबूत शिवी गेली. लगेच त्यांनी जीभ चावली.

"सॉरी, वहिनी."

"माझ्या डिपार्टमेंटला आठ पुरुष आहेत," मी म्हटलं. "ही त्यातली साधी."

दादा मागे खुदकन हसले. सर आणि भावजी हसले नाहीत. मी घड्याळ पाहिलं आणि मनात म्हटलं, ठीक आहे. एक रविवार. येऊन पाहिलं. शनिवार जसा आहे तसा आहे.

आणि जिग पडता पडता मध्येच थांबला. फरशीवर लागायचं तसं ठक् नव्हतं. कोणीतरी खालून दोरी हातात घेतल्यासारखं होतं. मी रॉड उचलला. तो वाकला, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग अर्ध्यापर्यंत, आणि दोरी बाजूला पळायला लागली.

"लागला! लागला!" भावजी उठले, होडी डुगडुगली. त्यांचा हात माझ्या रॉडवर आला. "द्या, द्या इकडे, वहिनी, जाईल तो..."

"हात लावू नका."

"अहो, मोठा आहे..."

"भावजी, खाली बसा. होडी उलटेल."

ते बसले. दादा म्हणाले, "बाई, दमानं. बुंध्याकडं जाऊ देऊ नका. लय ओढू पण नका." मी रॉड वर धरला आणि त्याला त्याचं काम करू दिलं. तो वाकत होता, सरळ होत होता, मासा ओढेल तसा परत वाकत होता. मला फक्त रीळ फिरवायचं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पाण्याखाली एक करडी पाठ दिसली आणि लांब मिशा. शिंगाडा मासा होता. दादांनी जाळं खाली घालून आत घेतला. दोन किलोच्या पुढे असेल.

सगळे एकदम बोलायला लागले. सरांनी फोटो काढला, त्यात त्यांचंच बोट आलं. भावजी म्हणाले, "पंधरा रविवार आम्ही इथे झक मारतोय आणि..." आणि या वेळी सॉरी म्हणाले नाहीत. मग त्यांनी मासा उचलून माझ्या पिशवीकडे नेला.

"घरी न्या, वहिनी. पहिलाच आहे तुमचा."

दादा खाली बघून वल्हं पुसायला लागले. सर पटकन म्हणाले, "हो, हो, तुम्ही न्या. ते आमचं आमच्यापुरतं आहे."

"काय तुमचं तुमच्यापुरतं?"

"काही नाही हो."

"सर, काय?"

सरांनी चष्मा वर सरकवला. "होडीत दिवसाचा पहिला मासा होडीवाल्याचा असतो. कोणालाही लागो. पण ते आपलं आपसातलं, तुम्हाला कशाला..."

"त्याला लागला तर?" मी नवऱ्याविषयी विचारलं.

"दादांनाच जायचा. एकदा त्याचा केवढा तरी मोठा कटला मासा गेला होता. रुसून बसला होता."

मी भावजींच्या हातातला मासा घेतला. निसटत होता, गालफडात बोट घालून नीट धरला आणि मागे दादांकडे दिला. खरं सांगायचं तर दोन किलोचा मासा मी एकटी करणार काय होते? निम्मा फ्रीजरमध्ये पडून राहिला असता. पण ते कारण नव्हतं, आणि ते होडीत सगळ्यांना कळलं.

दादांनी मासा घेऊन फळीखालच्या ओल्या पोत्यात घातला. "बाईंचा हात चांगला हाय," म्हणाले.

"हात नाही," मी म्हटलं. "रॉड."

मग थालीपिठं काढली. भावजींनी चार खाल्ली आणि सरांना म्हणाले, गणितवाले, तुमच्या वाटणीचं पण मी घेतो, तुम्हाला पचत नाही. सर म्हणाले, तुला अक्कल पचत नाही. दोघांची जुंपली. मी पाण्याकडे तोंड करून जिग सोडला आणि ऐकत बसले. दिवसभरात मला परत काही लागलं नाही. सरांना एक लहानसा मासा लागला तो त्यांनी सोडून दिला. भावजींना काही नाही. घरी सोडताना भावजी नुसतं "चला, वहिनी" म्हणाले. पुढच्या वेळचं कोणी काही बोललं नाही.

नंतर फोन आला नाही. मीही केला नाही. स्वतःहून मागितलेल्या जागेवर एकदा बसता येतं. दुसऱ्यांदाही मागूनच बसायचं असेल तर ती जागा आपली नाही, एवढं मला समजतं. मी कामावर गेले, स्प्रिंगा तपासल्या, घरी आले. रॉड पुसून गॅलरीत आडवा टांगून ठेवला. रात्रीच्या भाजीला किती टोमॅटो घ्यायचे याचा अंदाज मला अजून येत नाही, एक उरतोच.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत भावजींचा फोन आला. मागे दुकानातला गोंगाट होता.

"वहिनी, तुमचा रॉड कुठला हो? माझ्या रॉडने खांदा धरतो. दोन दिवस हात वर जात नाही."

"तुमचा केवढ्या ग्रॅमचा आहे? मुठीच्या वर लिहिलेलं असेल."

"थांबा... साठ ते दोनशे."

"समुद्राचा आहे तो. मी तोच आणून परत पाठवला."

"मग त्या दिवशी सांगायचं नाही का?"

"तुम्ही मला ऊन लागतंय का ते विचारत होतात. रॉडचं विचारलं नाहीत."

ते जोरात हसले. पलीकडे कोणाला तरी "पाणी भर त्यात, नुसतं बघू नको," असं ओरडले, मग परत फोनवर आले. "बरं, असं करा. रविवारी आणाल तेव्हा जरा माझ्या हातात द्या. बघतो कसा चालतो."

येता का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये फार आवाज होता, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"या रविवारी जमणार नाही," मी म्हटलं. "माझी सुट्टी शनिवारची. महिन्यात एकच रजा मिळेल."

"अरे हो. तुमचं ते शनिवारचं. मग पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि तोवर तिसऱ्या जागेवर?"

"तोवर डबा ठेवा," मी म्हटलं.

त्या शनिवारी मशीनला दोन आठवड्यांचे कपडे लावले. ते धुऊन होईपर्यंत रॉड खाली काढला आणि कठड्यापाशी उभी राहिले. पार्किंग रिकामं होतं. कुरडया संपल्या होत्या, आता काकूंचे उडदाचे पापड वाळत होते, ताटं डावीकडेच होती. जिग खाली गेला, फरशीला टेकला. मी उचलला, पडू दिला, परत उचलला.

"लागला का काही?" काकूंनी वर न बघता विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं.